आबांची कोरडी बोअर

मला वाटलं होतं, परदेशात शिकून नगरला परतले की लोक रक्त देतील आणि मी शोध लावीन. प्रत्यक्षात लोकांनी दिले ते किस्से! रक्ताच्या नमुन्यांचा फ्रीज रिकामा आणि वही भरलेली.

माझा विषय स्यूडोजीन. म्हणजे आपल्या पेशींतले बंद पडलेले जीन. पूर्वी प्रथिनं बनवायचे, आता बनवत नाहीत. बरीच वर्षं त्यांना कचरा समजत. पण त्यातले काही अजूनही रोगांशी लढायला गुपचूप मदत करत असतील का? हे शोधायचं स्वप्न घेऊन मी आले. काष्टीजवळच्या एका गावानं रक्त दिलं तर ठीक, नाहीतर परदेशातल्या लॅबमध्ये माझी खुर्ची सोमवारपर्यंत राखून ठेवलेली होती.

*

आमच्या नगरच्या लॅबचे टेक्निशियन शब्बीरभाई. त्यांना तासभर समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे रिटायर झालेले आमचे अब्बा! काम काही नाही, पण घरात कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांनाच ठाऊक!"

एवढंच सांगायला मी तीन वर्षं प्रबंध लिहीत होते!

*

गावच्या देवळात सभा घेतली. मी रंगात येऊन म्हणाले, "तुमच्या रक्तात हजारो पिढ्यांपूर्वीच्या खुणा आहेत!"

पुढे बसलेल्या सखूबाई म्हणाल्या, "एवढं जुनं हाय, तर सातबाऱ्यावर नाव कुनाचं?"

*

त्याच सभेत मी "मेलेला जीन" म्हणून गेले. शनिवारी रक्त घ्यायच्या कॅम्पला चिटपाखरू नाही! शब्बीरभाई गावात चक्कर मारून आले.

"मॅडम, तुम्ही अंगात काहीतरी मेलेलं आहे म्हणालात. सखूबाई विचारतायत, सुतक किती दिवसांचं?"

*

रविवारी संध्याकाळी शेवटचा उपाय म्हणून नामदेव आबांकडे गेले. गाव त्यांचा शब्द मानतं. आबा मला शेतात घेऊन गेले. तिथं एक बोअर होती, भोवती दगडगोट्यांनी भरलेला खड्डा.

"किती पाणी आहे हिला?"

"थेंब न्हाई. कोरडीच गेली."

"मग बुजवली का नाही?"

"पावसाचं पानी हिच्यातनंच खाली मुरतं. शेजारच्या तिन्ही हिरी हिच्या जिवावर हायेत, पोरी."

मी पाइपाला कान लावला. खूप खालून, कुणीतरी झोपेत श्वास घ्यावा तसा आवाज येत होता. मान वर करून म्हणाले, "आबा, त्या बंद पडलेल्या जीनबद्दल माझं म्हणणं हेच आहे. कदाचित."

"कदाचित कशापाई?"

"अजून कुणी नीट पाहिलं नाही म्हणून."

"मंग बघ की!" म्हणत आबांनी तिथंच सदऱ्याची बाही वर केली.

*

सोमवारी सकाळी पुन्हा भरवलेल्या कॅम्पच्या रांगेत आबांच्या मागे सखूबाई उभ्या होत्या. मी परदेशातल्या लॅबला दोन ओळी लिहिल्या: "माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. इथे एक कोरडी बोअर आहे."