घर बंद

भामाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सव्वासहाला बेदाणा निवडणाऱ्या बायकांची जीप तासगावकडं निघायची. त्याआधी विहिरीच्या तीन खेपा व्हायला हव्यात. विहीर धनगरवस्तीपासून पाऊण किलोमीटर, आणि भरल्या घागरीनं येताना चढ. मी आयुष्यभर पाइपलाइनचे चर खोदले. वजन म्हणजे काय ते मला कळतं. साठीच्या बाईनं डोक्यावर एक, कमरेवर एक घागर घेऊन तो चढ चढायचा, तोही दिवसाच्या मजुरीआधी.

हे काम तिच्या वाट्याला माझ्यामुळं आलं.

चार वर्षांपूर्वी पंचायतीनं गावची नळयोजना एका कंपनीला चालवायला दिली. करार ग्रामसभेत वाचला. ज्यांची ऐपत नाही त्यांच्या दारापर्यंत पाइप कंपनीनं स्वखर्चानं न्यायचा, अशी अट त्यात होती. यादी करायला घरं माहीत असलेला माणूस हवा, म्हणून मला नेमलं.

मी वस्तीवर गेलो तो माघात, भर दुपारी. पंधरा घरं, पंधरा कुलपं. चौदा घरांची माणसं मेंढरं घेऊन दिवाळीनंतरच बाहेर पडलेली. ती मृगाला परततात, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. भामाबाई नातीच्या शाळेसाठी मागं राहिलेली, पण दुपारची ती बेदाण्याच्या शेडवर. संध्याकाळी पुन्हा एक फेरी मारली असती तर ती भेटली असती, पंधराही घरांची माणसं तिनं सांगितली असती. मी फेरी मारली नाही. कागदावर पंधरा वेळा ‘घर बंद’ लिहिलं.

आमच्याकडं घर बंद म्हणजे माणसं बाहेर गेलीत. कंपनीच्या ऑफिसात त्याचा अर्थ झाला, इथं कुणी राहत नाही. पाइप बिरोबाच्या देवळापाशी थांबला. घरोघरी नळ दिले म्हणून देवळाजवळचा, वस्ती ज्यावर पाणी भरायची तो सार्वजनिक नळही काढून टाकला.

मृगाला भामाबाईचा मुलगा अर्जुना परतला आणि थेट माझ्या दारात आला.

“आवं लालासाब, आमी मेलो व्हय? मेंढरं तरी मोजायची हुती यादीत.”

“कंपनीनं केलंय ते,” मी म्हणालो.

मागं भामाबाई उभी होती. “कंपनीला आमची कुलपं कुठली ठावं? आपल्यातलाच कोन तरी असंल.”

मी गप्प बसलो. दोन वर्षं बसलो. रोज पहाटे तिच्या घागरींचा आवाज माझ्या अंगणावरून जायचा.

शेवटी ग्रामसभेत उठून सांगितलं, ते दोन शब्द माझे. कंपनीचा साहेब म्हणाला, यादीत नावं घालता येतील, ठराव द्या. काम पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा कधी, ते त्याला सांगता येईना. पैसे भरून जोडणी हवी असेल तर मात्र आठ दिवसांत.

बाहेर भामाबाई म्हणाली, “बोललासा ते बरं केलं. पर लय उशिरानं बोललासा, लालासाब.”

“पाइपचे पैसे मी देतो.”

“नगं. पुन्यंदा म्हनशीला, माज्यामुळं पानी आलं. खोदायला या. आनि खोल खना, वरनं ट्रॅक्टर जातोय.”

देवळापासून तिच्या दारापर्यंतचा चर मी एकट्यानं खणला, तीन फूट खोल, सहा दिवस. मुरूम होता. हाताला फोड आले, पण त्यानं दोन वर्षांच्या खेपा फिटत नाहीत. बाकीची चौदा घरं अजून तिच्याच तोटीवर भरतात, पुढच्या टप्प्याची वाट बघत.

तासगावातून पाइप आला त्या दिवशी तिनं तो हात लावून पाहिला. बेदाण्याच्या दोन हंगामांची मजुरी त्यात गेली होती.