धक्का कुणीच दिला नव्हता

त्या दिवशी साताऱ्याच्या मैदानावर तिला कुणीही धक्का दिला नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

मी सांगलीत क्रीडाशिक्षक आहे. माधवनगरच्या बाजूला आमचं मैदान. तिथं मुलींना फुटबॉल शिकवतो. ती माझ्या त्याच संघात बचावफळीत खेळायची. घराणं माणदेशातलं, मेंढपाळांचं. वडील कुपवाडच्या एका कारखान्यात लागले म्हणून इकडं आलेलं. हेडर मारायला ती उडाली की समोरच्या पोरी नुसत्या बघत राहायच्या.

एका शिबिरात मी गुडघे सांभाळायचे व्यायाम शिकून आलो होतो. खेळाआधी थोडा वेळ द्यायचा. एका पायावर उडी मारून तोल धरायचा, गुडघा वाकवून अलगद उतरायचं, तो आत कलू द्यायचा नाही, मांडीचे मागचे स्नायू बळकट करायचे. मुलींच्या गुडघ्यातला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो, हेही तिथंच कळलं. आल्या आल्या मी सुरू केलं. तिला ते फार आवडलं. पुढं उभी राहून ओरडायची, "गुडघा नाकासमोर गं! लाजल्यावानी आत वळवू नका!"

मैदानाच्या कट्ट्यावर सकाळी फिरायला येणारे बसायचे. त्यात माझे जुने खेळगडी होते. एकदा त्यातला एक ओरडला, "काय गड्या, फुटबॉल शिकवतोस का लंगडी?"

दुसरा म्हणाला, "आरं, पोरींचा संघ हाय. लंगडीच बरी!"

सगळे हसले. मीही हसलो. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या उड्या बंद केल्या.

"सर, आज उड्या न्हाईत व्हय?" तिनं विचारलं.

"सामना तोंडावर आलाय. वेळ कुठाय?"

वेळ होता.

साताऱ्यात उत्तरार्धात ती उंच उडाली, चेंडू डोक्यानं परतवला आणि एका पायावर, ताठ गुडघ्यानं उतरली. गुडघा आत गेला. जवळपास कुणी नव्हतं. काहीतरी तुटल्याचा आवाज मला बाकावर ऐकू आला. का तसं नंतर वाटायला लागलं, सांगता येत नाही.

आम्ही तिला सांगलीला आणलं. वडील कामावरच्या कपड्यांतच दवाखान्यात आले. "आवं सर, कुणी पाडलं माझ्या पोरीला?"

"समोरची एक आदळली," मी म्हणालो.

कधी न पाहिलेल्या त्या पोरीला त्यांनी लय शिव्या घातल्या. ती खाटेवरून माझ्याकडं बघत होती. ते चहा आणायला गेल्यावर हळूच म्हणाली, "बरं केलंसा सर. आपली आपण पडले म्हटलं असतं तर आबांनी पुन्हा खेळूच दिलं नसतं. मलाच नीट उतरता आलं न्हाई."

तेव्हा बोलायचं होतं. मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत बसलो.

शस्त्रक्रिया झाली. बऱ्याच महिन्यांनी ती मैदानावर परत आली, पण चेंडू वरून आला की पाय जमिनीला चिकटायचे. थोड्याच दिवसांत तिनं खेळ सोडला. आता एका कपड्याच्या दुकानात असते. परवा तिथं गेलो तर कठडा धरून, एकेक पायरी करत जिना उतरली, आणि सोबतच्या मुलीला हसत म्हणाली, "हे आमचं सर. लय चांगलं शिकवायचे. मीच धांदरट."

व्यायामानं धोका कमी होतो, टळतोच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. खरं आहे ते. पण त्या वाक्याच्या मागल्या अर्ध्यात मी इतकी वर्षं लपून बसलो. आता रोज उड्या घेतो. कट्ट्यावरचे अजून हसतात, हसू देत.

तिच्या घरी जाऊन, वडिलांसमोर, तिला सांगायचं आहे की कुणी धक्का दिला नव्हता, आणि तू धांदरटही नव्हतीस; जे तुला शिकवलं ते मीच हसण्याला भिऊन बंद केलं. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.