आत्याचा काटा आधी

आमची आत्या मानाची लई भुकेली. लग्नात पहिल्या पंगतीला बोलावणं आलं न्हाई की बाई उपाशीच घरी. धारूरच्या घाटाखाली तिनं घरच्यांशी भांडून दूध केंद्र काढलं आणि वजनकाट्याचा छोटा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारला, कारण मी पुण्यात तसलीच कामं करतो.

कॉम्प्युटर सुरू होताना कर्नेल, म्हणजे त्याचा कारभारी, पोटातल्या ड्रायव्हरांना, म्हणजे एकेक यंत्र चालवणाऱ्या गड्यांना, पायरीपायरीनं उठवतो. आधी पोर्टाचा, म्हणजे वायर खुपसायच्या खाचेचा ड्रायव्हर, मग पोर्टाला जोडलेल्या यंत्रांचे. हे आत्याला सांगितलं तिथंच फसलो.

"माझा काटा मागं कावून? त्याच्यावरच तर केंद्र हाय! आधी उठव त्याला."

तिच्यापुढं बोलायची आमच्या घरात कुणाची टाप न्हाई. चढवला बापड्याला वरच्या पायरीवर.

पहिल्या सकाळी बायका कॅन घेऊन रांगेत उभ्या. नारळ फुटला, बटण दाबलं, पडद्यावर ओळी धावल्या. काट्याच्या ड्रायव्हरला हाक आली. त्यानं पोर्ट शोधला, तर पोर्ट अजून उठलाच नव्हता. "नंतर बोलवा" म्हणायचं सोडून पठ्ठ्या "न्हाई" म्हणून मोकळा! अन् न्हाई म्हणणाऱ्याला कर्नेल परत विचारत न्हाई. मागाहून पोर्ट उठला, पण वजनाच्या जागी भोपळा.

उन्हं चढली. "दूध नासतंय की बाई," म्हणत बायका पलीकडच्या केंद्राकडं निघाल्या. आत्याचं तोंड एवढंसं झालं. मला लई वाईट वाटलं.

"काय झालं रं?"

"तुझा काटा रुसलाय, आत्या. आता त्याला 'नंतर बोलवा' म्हणायला शिकवतो. म्हणजे पोर्ट उठला की कर्नेल पुन्हा हाक मारतो."

लॅपटॉपवर दोन ओळी बदलल्या, कर्नेल नव्यानं बांधला, त्याचं मेमरी कार्ड काट्याच्या कॉम्प्युटरात परत खुपसलं, बटण दाबलं. काटा पहिल्या हाकेला "नंतर" म्हणाला, दुसऱ्या हाकेला मुकाट उठला. पण तोलायचं काय, कपाळ? अंगणात एक कॅन उरली नव्हती.

आत्या पडद्याकडं बघत राहिली. मग पदर खोचून अनवाणीच रस्त्यावर धावली. जिनं जन्मात कुणाला दुसऱ्यांदा बोलावलं नव्हतं, ती भर रस्त्यात ओरडली, "अगं, काटा सुरू झालाय! चला की गं माघारी!"

कुणी वळलं न्हाई.

आत्यानं पुन्हा हाक मारली. तशी सगळ्यात मागची बाई थांबली आणि कॅन घेऊन माघारी फिरली.