पाच दिवसांची गोळी

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्या अंथरुणातून उठायला गेल्या आणि भिंत फिरतेय म्हणत परत आडव्या झाल्या. डोळे उघडले की उलटी. शेजारच्या बायकांनी पित्त सांगितलं, आल्याचा रस दिला, पण उतार पडेना. माझे मालक शिरोलीला फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, पाळीवर होते. शेवटी रिक्षा करून मीच आत्तींना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारी नस असते, तिला सूज आली आहे. चक्कर जोरात आहे तोवर पाच दिवस गोळी द्यायची आणि मग बंद करायची. त्यानंतर व्यायाम. घराच्या कोपऱ्यात उभं राहून मान डावीउजवीकडे फिरवायची, अंगठ्यावर नजर ठेवून डोकं हलवायचं, दिवसातून दोनदा. जवळ कुणीतरी उभं पाहिजे. सुरुवातीला चक्कर वाढेल, तरी सोडायचं नाही. समजलं का, असं त्यांनी मला विचारलं. परक्या माणसापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, मी नुसती मान हलवली. पण मला समजलं होतं. चौथीपर्यंत शिकले आहे मी. चिठ्ठीवरचं 'पाच दिवस' मला वाचता आलं होतं.

सहाव्या दिवशी आत्तींना कोपऱ्यात उभं केलं. दोनदा मान फिरवली आणि त्या माझ्या अंगावरच ओकल्या. मला वाईटसाईट बोलल्या. तिकडे म्हैस हंबरत होती, डेअरीला दूध घालायची वेळ टळत होती. मी गोळी दिली आणि त्यांना निजवलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. गोळ्या संपल्यावर मेडिकलमध्ये जुनी चिठ्ठी दाखवून आणखी आणल्या.

इथपर्यंतचं मी कुणाला सांगितलं तर कुणी मला दोष देणार नाही. सांगता येत नाही ते पुढचं आहे.

आत्तींचं तोंड तिखट. भाकरी जाड झाली, चहा पांचट झाला, शेण नीट काढलं नाही, दिवसभर चालायचंच. गोळीनं त्यांना गुंगी यायची. जेवून पडल्या की दिवस कलेपर्यंत उठायच्या नाहीत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या घरात मी बसून, गरम असताना चहा प्यायले. मला ते आवडलं. एकदा त्या म्हणाल्या, आज गोळी नको, गोठ्यात जाऊन म्हशीला बघून येते. त्या दिवशी त्यांचा चेहरा बरा दिसत होता. तरी मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं उभी राहिले. चक्कर आली तर काय करता, म्हटलं. त्यांनी मुकाट्यानं गोळी घेतली.

असे पाच-सहा महिने गेले. उठल्या तर पावलं दारू प्यायल्यासारखी पडायची. मग एका सकाळी माझा डोळा चुकवून त्या गोठ्यात गेल्या. मागं वळताना पडल्या आणि मनगट मोडलं.

हात प्लास्टरमध्ये असतानाच त्यांना परत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. व्यायाम कसा चालला आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत, असं त्यांनी विचारलं. मी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"सून देती की," आत्ती म्हणाल्या. "एक दिस चुकवली न्हाय तिनं."

किती अभिमानानं म्हणाल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. एक कान अधू झाला तरी मेंदू नव्यानं तोल शिकतो, पण त्यासाठी डोकं हलवावं लागतं, चालावं लागतं. रोजच्या गोळीनं ते शिकणंच अडून राहतं, असं त्यांनी हळू आवाजात समजावलं. आता वेळ लागेल, म्हणाले. मी फरशीकडे बघत राहिले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

गोळी बंद केली आणि रोज सकाळी कोपऱ्यात उभं राहणं सुरू झालं.

"ह्या वयात मला कोपऱ्यात हुबं केलंस," आत्ती म्हणायच्या. "आता छडी तेवढी आण."

मी हसायचे. पण हात बघायला आलेल्या प्रत्येक बाईपुढं त्या माझं कौतुक करायच्या, लेकीनं केलं नसतं एवढं सून करते म्हणून. ते ऐकलं की मी घरामागच्या परड्यात निघून जायचे.

एक दिवस त्या पाय जुळवून, डोळे मिटून उभ्या होत्या. तीस मोजेपर्यंत तसंच उभं राहायचं असतं. त्यांचा बरा हात माझ्या हातात होता. मला राहवलं नाही.

"आत्ती, गोळी पाचच दिस द्यायची हुती. मला ठावं हुतं."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाल्या, "मग का दिलीस?"

"तुमी गप पडून ऱ्हात हुता म्हणून."

त्यांनी माझा हात सोडला. तोल जाऊन एका बाजूला कलल्या, भिंतीला हात लावून सावरल्या. मी पुढं झाले तर मान हलवून नको म्हणाल्या.

"मोज," एवढंच म्हणाल्या.

मी पुन्हा एकपासून मोजायला लागले.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, मालकांनासुद्धा नाही. बायकांपुढचं माझं कौतुक मात्र थांबलं. आता त्या गोठ्यापर्यंत एकट्या जातात. चटकन वळलं की अजून झोकांडी जाते. चहा पांचट झाला तर तसं तोंडावर सांगतात. सकाळी हाक न मारता कोपऱ्यात येऊन उभ्या राहतात आणि मी शेजारी जाऊन थांबते. त्या भिंत धरतात, माझा हात धरत नाहीत.