चौथ्या कंपनीचं गाऱ्हाणं

मंडळी, आज सकाळी मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये माझी चौथी कंपनी सुरू झाली, घरगुती डब्यांचं अ‍ॅप. आधीच्या तिन्ही वेबसाइटची वाट लागली, हे तुम्हाला माहीतच आहे.

बटण दाबणार, तेवढ्यात बाबांनी लॅपटॉपसमोर नारळ ठेवून मालवणीत गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, झिलाची तीन दुकानां इंटरनेटवर बुडाली. ह्यां चवथां चलांदे."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

"आणि नायच चाललां, तर पाचवां उघडूची हिंमत दी."

"बाबा, आत्ताच पाचवं कशाला?"

पण माझी तमिळ पार्टनर मीनाक्षी, जिला मालवणी ओ की ठो कळत नाही, तीही हात जोडून म्हणाली, "व्हय म्हाराजा."

हसता हसता बटण दाबलं.

तुमच्या पाचव्या दुकानाची सोय कुणी करून ठेवलीय का रे?