डेन्झिलचं थांबणं

माझा नवरा सिरिल बेडोझ आणि त्याचा जोडीदार डेन्झिल पॉम्फ्री, या दोघांनी मिळून पंचवीसेक वर्षं टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहिल्या. लोकांना वाटायचं, आमच्या घरी दिवसभर नुसता हशा पिकत असेल. सिरिल संध्याकाळी घरी यायचा तो मयताहून आल्यासारखा. बूट काढायचा, जेवायचा आणि पेपर तोंडावर घेऊन आरामखुर्चीत झोपायचा. डेन्झिल त्याच्याहून वरताण. त्याला पोटभर हसताना मी एकदाच पाहिलं, बोटीवरून त्याच्या बहिणीची टोपी उडून समुद्रात पडली तेव्हा. टोपी नवी होती.

सिरिलबद्दल पेपरात दोनचारदा छापून आलं. डेन्झिलबद्दल आलं ते एवढंच, की ‘आणि डेन्झिल पॉम्फ्री’. माझं शिक्षण म्हणजे बिस्किटांच्या कारखान्यात लागायच्या आधी जेवढं झालं तेवढं, पण त्या ‘आणि’चं काय काम होतं ते मला माहीत आहे.

पेंज नावाच्या उपनगरात एका खिळे-मोळ्यांच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. एक टेबल, एक टाइपरायटर, गॅसची शेगडी. सिरिल टेबलाशी बसायचा. डेन्झिल खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालायचा, हात पाठीमागे बांधून. दोघंही बोलायचे. वाक्य बोललं जायचं, ते पडून राहायचं, दुसरं यायचं. डेन्झिल चालतच राहायचा. मग एखादं वाक्य असं यायचं की तो चालता चालता थांबायचा. हसायचा नाही, मान हलवायचा नाही, नुसता थांबायचा. की सिरिल ते टाइप करायचा. वाक्य कोणाचं होतं, हे दोघांनी कधी कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही. मी विचारलं तर सिरिल म्हणायचा, “अगं ऑलिव्ह, अंडं कोणत्या कोंबडीचं हे तू बाजारात विचारतेस का?”

पण पन्नाशी उलटली आणि दोघंही थकले. डेन्झिल बोलेनासा झाला. वाक्यं सगळी सिरिलच करायचा, तो आपला चालायचा.

अशात टीव्ही कंपनीत विनोदी कार्यक्रमांवर नवा साहेब आला, क्रेल नावाचा, मखमली कोट घालणारा. हा एक दिवस खोलीवर आला आणि कोपऱ्यात बसून बघत राहिला. जाताना सिरिलला जिन्यात म्हणाला, “मिस्टर बेडोझ, ते दुसरे गृहस्थ नक्की काय करतात?”

आठवड्याने फोन आला. पुढची मालिका हवी आहे, पण एकट्या सिरिलकडून.

सिरिल त्या रात्री जेवला नाही. मला म्हणाला, “ऑलिव्ह, खरं सांगू? दोन वर्षं मीच लिहितोय. तो चालतो आणि मी लिहितो. मी दमलोय गं, त्याला ओढून.”

“मग त्याला सांग,” मी म्हटलं.

त्याने सांगितलं. डेन्झिलने ऐकून घेतलं, कोट अंगावर चढवला आणि म्हणाला, “घे तू ते काम, बेडोझ. माझे पाय तसेही दुखतात.” आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

त्या खोलीत एकट्याला बसवेना म्हणून सिरिलने स्वयंपाकघरात लिहायला घेतलं. दोन दिवस टाइपरायटरकडे नुसता बघत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “ऑलिव्ह, जरा चालतेस का?”

“कुठे?”

“इथेच. चुलीपासून दारापर्यंत. मी वाचतो.”

मी चालले. माझ्या गुडघ्याची तेव्हाही बोंबच होती. तो वाक्य वाचायचा, मी थांबायचे. तो खूश होऊन टाइप करायचा.

“आवडलं ना?” एकदा त्याने विचारलं.

“कोणतं?”

“आत्ता थांबलीस ते.”

“बटाटे उतू चालले होते रे.”

त्याने कपाळाला हात लावला. सुरुवातीचे भाग लिहून झाले तसे झाले. पहिल्या भागाच्या रेकॉर्डिंगला मी प्रेक्षकांत बसले होते. कार्यक्रमाआधी लोकांना हसवून तयार करणारा एक बुवा असतो, त्याला लोक पोट धरून हसले. मग आमची मालिका सुरू झाली आणि सगळे खोकायला लागले. सिरिल माझ्या शेजारी बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा. क्रेलसाहेब नंतर म्हणाला की छान झालं, हशा मागाहून भरता येतो.

घरी येताना बसमध्ये सिरिल म्हणाला, “त्यातलं अर्धं त्याने राहू दिलं नसतं.”

“त्याने?”

“पॉम्फ्रीने. तो चालत राहिला असता. मी चिडलो असतो, ते फाडून दुसरं केलं असतं. दोन वर्षं तो हेच करत होता, आणि मला वाटलं काहीच करत नाही.”

तो भाग टीव्हीवर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही डेन्झिलकडे गेलो. तो आपल्या बहिणीकडे, इनिडकडे राहायचा. तिने दार उघडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आलात? याला न्या बाई. माझा गालिचा झिजवलाय मेल्याने.”

डेन्झिल आतून आला. सिरिलने विचारलं, “पाहिलंस काल?”

“पाहिलं.”

“मग?”

“पाद्री कपाटातून बाहेर येतो तिथे मी बाहेर जाऊन मांजराला दूध दिलं.”

“आणि मावशीचं मृत्युपत्र?”

“तोवर मांजर झोपलं होतं, बेडोझ.”

सिरिलने तिथूनच, इनिडच्या फोनवरून, क्रेलसाहेबाला फोन लावला. पुढचे भाग आम्ही दोघं लिहू, म्हणाला, नाहीतर मीही लिहिणार नाही. पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण ते फार वेळ बोलले नाहीत. सिरिलने फोन खाली ठेवला. “नाही म्हणाले. बाकीचे भाग दुसरी पोरं लिहितील.”

“मूर्ख आहेस तू,” डेन्झिल म्हणाला.

“ते तुला आधीपासून माहीत होतं.”

“माझं ठीक आहे. ऑलिव्हने काय खायचं?”

“बटाटे,” मी म्हटलं.

सिरिल त्या रात्री पडल्या पडल्या झोपला. किती महिन्यांनी झोपला म्हणून मी उठवलं नाही, बूटसुद्धा तसेच राहू दिले.

त्यानंतर टीव्हीचं काम त्यांना फारसं मिळालं नाही. पेंजची खोली सोडायची ठरली. टेबल जड होतं आणि जिना अरुंद. हमाल करायचा सोडून दोघे म्हातारे स्वतःच उचलायला गेले. सिरिल खाली, डेन्झिल वर, मी खालच्या पायरीवर शेगडी घेऊन. वळणावर टेबल अडकलं. पुढेही जाईना, मागेही येईना. दुकानदार खालून ओरडला, करवत आणू का म्हणून. टेबल माझंच आहे, कापू देणार नाही, असं सिरिल म्हणाला. निम्मं माझं आहे, माझ्या बाजूचं कापा, असं डेन्झिल वरून म्हणाला.

मग दोघंही दमून आपापल्या पायरीवर बसले. मधे टेबल. सिरिल नवी मालिका सुचल्यासारखा म्हणाला, “पॉम्फ्री, दोन माणसं आणि एक टेबल—”

“नको,” वरून आवाज आला. “बसू दे जरा.”

मीही शेगडी खाली ठेवली आणि बसले.