उंदराचा पाट

मी मशीन विकत घेणारा माणूस आहे, वापरणारा नव्हे, असं माझ्या बायकोचं ठाम मत. ते खोटं पाडायला मी राउटर आणला. तेव्हा मी रोह्याला कंपनीत होतो आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या पडवीत लाकडं कुरतडत बसायचो. राउटर म्हणजे लाकडात खाच पाडायचं मशीन. त्याला एक गाइड येतो, दोन सळ्या आणि एक पट्टी. पट्टी फळीच्या कडेला टेकवायची, खाच जेवढी आत हवी तेवढं अंतर धरून स्क्रू आवळायचे आणि कडेकडेनं मशीन सरकवत न्यायचं. सोबतच्या पुस्तिकेत एवढंच लिहिलं होतं. ते वाचून मला वाटलं, सुतारकामात आहे काय एवढं.

हे मी सासुरवाडीला, जित्याला, जेवताना बोलून बसलो. नेमकं त्याच वर्षी सासऱ्यांच्या गणपतीच्या पाटाला वाळवी लागली होती. त्यांच्याकडे गणपतीआधी घरचा पाट पेणला मूर्तीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा आणि मूर्ती त्याच पाटावर बसवून आणायची, अशी पद्धत.

"मग जावई, पाट तुम्हीच करा," सासरे म्हणाले आणि माळ्यावरून फणसाची एक फळी काढली. भाताच्या जुन्या कोठीची ती पुढची फळी. कोठी कधीच मोडली, पण फळी त्यांनी जपली होती. "अठरा बोटं हाय. मूर्तीला तेरा, पुढं उंदराला तीन, कडेच्या नक्षीला दोन. नीट करा. अशी दुसरी नाय."

मी फळी रोह्याला आणली, क्लॅम्पनं घट्ट आवळली, गाइड अर्ध्या बोटावर धरला आणि पुढच्या कडेनं मशीन चालवलं. भुसा उडाला, कान बधिर झाले, मला फार मजा आली. मग फुंकर मारून बघतो तर खाच मधेच आत वळलेली. कडेकडे मी आधी नीट पाहिलंच नव्हतं. तिच्यात मधोमध एक उथळ खळगा होता. गाइड बिचारा कडेच्या हुकमातला. कड आत गेली, तोही गेला.

"छान दिसतंय की," बायको म्हणाली. "कड वळली तशी खाच वळली. राहू द्या."

पण मला पुस्तिकेतल्या चित्रासारखी सरळ खाच हवी होती. मी करवत घेतली आणि खळग्यासकट, खाचेसकट दोन बोटांची पट्टी कापून काढली. माझी करवत स्वतंत्र विचारांची. नव्या कडेला एकाऐवजी तीन वळणं आली. गाइडनं तिन्ही इमानदारीनं उतरवून घेतली. मी आणखी एक बोट कापलं, रंधा मारून, पट्टी लावून, एक डोळा मिटून कड सरळ केली आणि मगच मशीन लावलं. या वेळी खाच दोरीत आली. मी खुशीत पाट मोजला. पंधरा बोटं.

पुन्हा मोजला. बोटं तीच, पाट तोच.

पाट घेऊन जित्याला गेलो. सासऱ्यांनी पाट ओटीवर ठेवला आणि बोटं मोजत एकदा इकडून, एकदा तिकडून गेले.

"उंदीर कुठं बसंल?"

मी छताकडे बघू लागलो. "आधी चा दे गो ह्यांना," सासूबाई बायकोला म्हणाल्या. बायकोनं चहाआधी पिशवीतून पहिली कापलेली पट्टी काढली. तिनं ती माझ्या नकळत गुंडाळून आणली होती. सासऱ्यांनी खळग्यावरून अंगठा फिरवला.

"ही माझ्या आयच्या पायलीची खूण," ते म्हणाले. "भात मापायची पायली भरून हितनंच वडायची ती. रोज."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फळीत जपण्यासारखं होतं ते नेमकं मी कापलं होतं, तेही पुस्तिकेतल्या चित्रासाठी. "मामा, चुकलं माझं," मी म्हणालो.

त्यांनी पट्टी पाटापुढे आडवी ठेवून पाहिली. मग हसले.

"ह्या कोठीवरनं आमी जन्मभर उंदीर हाकलले," ते म्हणाले. "आता एकाला बसू दे."

त्या वर्षी मूर्ती पाटावर आणि पाटापुढे वेगळ्या पट्टीवर, आयच्या खळग्यात, आडवा उंदीर बसला. बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा. "आमच्यात उंदराला वेगळा मान हाय," सासरे ठोकून द्यायचे. दुसऱ्या वर्षी शेजारच्या दोन घरांत उंदराला वेगळा पाट आला.

एव्हाना माझा हात बसला होता. मी सासऱ्यांना म्हणालो, "मामा, उंदराला नवी पट्टी करून देतो. एकदम सरळ."

"नको," ते म्हणाले. "तुमचं मशीन एकदाच बराबर चाललं जावई, ते ह्याच तुकड्यावर."